बर्फात आलेली डबी

मित्रांनो, मी नौपाड्यातल्या एका तपासणी केंद्रातला जुना मायक्रोस्कोप. अंबाल्याला घडलो, पितळेचा, एकडोळ्या. खिडकीचा उजेड आरशावर घेऊन मी काम करायचो. मलेरियाचे जंतू इतके पकडले, की डॉक्टर म्हणायचे, "याच्या नजरेतून काही सुटत नाही." ती शाबासकी माझ्या डोक्यात गेली, हे आज कबूल करतो.

चौऱ्याण्णव साली आमच्याकडे जनाबाई येऊ लागल्या. खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या, मासळी विकणाऱ्या. त्यांचा कान्हा बावीस वर्षांचा. त्याच्या हाडांत रक्त तयार होईना, म्हणून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात त्याला बहिणीच्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी दिल्या होत्या. त्या अंगी लागाव्यात म्हणून औषधांनी त्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली. घरी आल्यावर दोन महिन्यांनी त्याला जुलाब लागले, खोकला सुटेना. डॉक्टरांनी शौचाची तपासणी सांगितली.

जनाबाई सकाळी डबी ट्रेमध्ये ठेवून बाजार गाठत. आमच्या तंत्रज्ञ उत्तराबाई दुपारी ती उघडून थेंबभर नमुना काचेवर घेत. तीनदा डबी आली आणि तीनदा कागदावर लिहिलं गेलं, काही आढळले नाही. कान्हा मात्र वाळत चालला.

चौथ्यांदा उत्तराबाईंनी डबी जनाबाईंच्या हातूनच घेतली आणि त्या दचकल्या.

"जनाबाई, ही एवढी गार कशी?"

"बरफान ठेवलीय गो बाय. ताजी र्‍हावी म्हनून. मासली नाय ठेवत आमी?"

खाली बर्फ, वर बर्फ, मध्ये डबी. पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण त्या माउलीने पोरासाठी जिवापाड पाळलं होतं. पण कान्हाच्या पोटात जंताच्या अळ्या होत्या, आणि डबीतल्या त्या गारठ्याने मरून निपचित पडत. वळवळल्या असत्या तर मला सहज दिसल्या असत्या. निश्चल पडलेल्या त्या धाग्यांना आम्ही कचरा समजलो.

उत्तराबाई तडक रिक्षाने कोळीवाड्यात गेल्या. ताजा नमुना मुठीच्या उबेत घेऊन आल्या. काचेवर ठेवताच अळी हलली. कधीतरी ओल्या मातीतून ती त्याच्या अनवाणी पायात शिरली असावी, आणि कित्येक वर्षं गप्प राहिली. शरीराची राखण उठली, तशी तिची पिलावळ वाढली. औषध त्याच दिवशी सुरू झालं, पण अळ्या फुप्फुसांपर्यंत पोहोचल्या होत्या. पाचव्या दिवशी कान्हा गेला.

तेराव्यानंतर जनाबाई आल्या. रिकाम्या हातांनी दारातच उभ्या राहिल्या.

"माजा कान्हा बरफामुलं गेला का गो, बाय?"

उत्तराबाई उठून त्यांच्याजवळ गेल्या. "नाही जनाबाई. डबी कशी आणायची ते सांगणं आमचं काम होतं. आम्ही सांगितलंच नाही."

जनाबाईंनी त्यांचा हात धरला आणि बाकावर बसून राहिल्या. मला फार वाईट वाटलं. मला रडता येत नाही, एवढंच.

मित्रांनो, आपल्या माणसाला वाचवायला प्रत्येक जण त्याला जे ठाऊक असतं तेच जीव ओतून करतो. उद्या तुमच्यातलं कुणी डॉक्टर होईल, कुणी परिचारिका, कुणी नुसतं खिडकीशी बसून डब्या घेईल. 'काही आढळले नाही' असं लिहिण्याआधी आणणाऱ्याला एवढं विचारा, "कशी आणलीत?" आम्हाला ते विचारायला चौथी खेप लागली.