रावजी निशाणदाराची शिदोरी

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती. पण जे नाव पुस्तकांच्या वेष्टनावर छापून एस.टी. स्टँडवरच्या प्रत्येक स्टॉलला टांगलेलं असायचं, ते मी लपवून काय करू? रुद्रप्पा तोळणुरे. तेही बारीक अक्षरात, अगदी खाली, घोड्याच्या पायाशी. वर ठळक लाल अक्षरात 'रावजी निशाणदार'. लोकांना वरचं नाव पाठ होतं. खालचं नाव वाचायला कुणी वाकत नसे.

आमचं शुक्रवार पेठेत चादरी-टॉवेलचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की हे गादीवर बसून लिहायचे. घरात आम्ही कानडी बोलायचो, भांडायचोही कानडीतच. पण रावजी मात्र अस्खलित मराठीत मोगलांच्या छावण्या जाळायचा. हे स्वतः घोड्यावर कधी बसले नव्हते. एकदा अक्कलकोटला लग्नात नवरदेवाचा घोडा नुसता फुरफुरला, तर हे मांडवाच्या मागे जाऊन उभे राहिले. कोण्या शूरवीराशी लग्न लागलंय ते मला तेव्हाच कळलं.

पण रावजी चालला. असा चालला की काही विचारू नका. गिरणीतले कामगार पाळी सुटल्यावर चहाच्या हॉटेलात एकाला वाचायला बसवून बाकीचे ऐकायचे. आमच्या पत्त्यावर 'श्रीमंत रावजी निशाणदार यांस' अशी पत्रं यायची. कुणी विचारायचं, तुमची काजळी घोडी बरी आहे का. यांच्या तब्येतीची चौकशी करणारं एकही पत्र मी पाहिलं नाही. यांना ते लागायचं. वर्तमानपत्रात ऐतिहासिक कादंबरीवर लेख आला की हे तो दोनदा वाचायचे, आपलं नाव कुठे सापडतं का म्हणून, आणि मग त्याच कागदात चादर बांधून द्यायचे.

रावजी कसा लिहिला जायचा ते फक्त मला माहीत होतं. दुपारी घरून डबा जायचा. कडक भाकरी, शेंगाचटणी, कधी धपाटे, दही. डब्यात जे असेल ते रावजीच्या शिदोरीतून निघायचं. बहात्तरच्या दुष्काळात रेशनची लाल मिलो ज्वारी आली, तर रावजीच्या भाकरीलाही लाली चढली. मी बाळंतपणाला अक्कलकोटला गेले, तेव्हा रावजी एका किल्ल्यात कोंडला गेला आणि अख्खं पुस्तकभर उपाशी राहिला. ते वाचून लोक रडले म्हणे. आमचं भांडण झालं की रावजीच्या चटणीत मीठ जास्त पडायचं. मी केलेलं बरं झालंय की नाही, हे यांनी तोंडाने कधी सांगितलं नाही. रावजी सांगायचा. पाठलाग चालू असताना ओढ्याकाठी थांबून, बोटं चाटून म्हणायचा, 'घरधनिणीच्या हाताची सर कशाला नाही.' छापून आलेलं ते वाक्य मी चुलीपाशी बसून किती वेळा वाचलं असेल, सांगत नाही.

एकदा मी विचारलं, "सगळ्या पुस्तकांत ती नुसती 'घरधनीण' कशी? घोडीला नाव आहे, तिला का नाही?"

"गोष्टीत नाव दिलं की काम द्यावं लागतं," हे म्हणाले.

म्हणजे पहाटे उठून भाकऱ्या थापणं हे काम नव्हतं. मी त्या दिवशी डबा पाठवला नाही. रावजीने नदीचं पाणी पिऊन दिवस काढला.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी पुण्याहून आठल्ये आले. एका मोठ्या प्रकाशनाचे संपादक. हातात कातडी बॅग, चष्मा नाकाच्या टोकावर. रावजीची सगळी पुस्तकं पक्क्या बांधणीत, एकत्र संच करून काढायची म्हणाले. वर प्रस्तावना, आत लेखकाचा फोटो. बारीक अक्षरातला माणूस एकदम वरच्या ओळीत जाणार होता. मलाही आनंद झाला, खोटं का बोलू? मी फोटोसाठी कुठला कोट घालायचा तेही मनात ठरवून टाकलं.

"फक्त दोन गोष्टी," आठल्ये म्हणाले. "एक, तुमचा नायक पानोपानी शेंगाचटणी खातो. त्या काळी या मुलखात भुईमूग होता कुठे? विद्वान हसतील. जवस घाला, कारळ घाला. आणि दुसरं, शेवटच्या पुस्तकात तो नदीत घोडी घालतो आणि तुम्ही तसंच सोडून दिलंय. संचाला शेवट हवा. त्याला वीरमरण द्या."

हे दोन्हीला हो म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून यांची दुरुस्ती सुरू झाली. लाल पेन्सिलीने शेंगा खोडायच्या, वर कारळ लिहायचं. मी एक पान उचलून पाहिलं. रावजी ओढ्याकाठी बसून कारळाची चटणी चाटत होता आणि घरधनिणीचं कौतुक करत होता. मी उभ्या जन्मात कारळाची चटणी करून दिली नव्हती. ही दुसरी कोण बाई याला शिदोरी बांधून द्यायला लागली, असं वाटून मला खरोखर राग आला. एका चटणीवरून सवतीमत्सर करणारी बाई मीच असेन. पण पान जागेवर ठेवलं. यांना वरच्या ओळीत बसायचं होतं.

तेवढ्यात वैरागजवळच्या निशाणदारवाडीचं बोलावणं आलं. हे आडनाव यांना वैरागच्या बाजारात एका बैलगाडीच्या मागच्या फळीवर रंगवलेलं दिसलं होतं. आवडलं म्हणून रावजीला लावलं. ती गाडी ज्यांची, त्या हिंदुराव निशाणदारांनी पुस्तकं वाचली आणि त्यांना आपला मूळपुरुष सापडला. वाडीबाहेर खडकात एक खळगा होता. ती काजळीची टाप ठरली. तिच्याभोवती चौथरा बांधून झाला होता, आणि 'बखर लिहिणारे' म्हणून यांच्या हस्ते पूजा होती. आठल्येही उत्सुकतेने बरोबर आले. वैरागपर्यंत एस.टी.ने गेलो.

चौथऱ्यावर भगवं निशाण, हार, हलगी. वाडीतली झाडून सगळी माणसं. पूजा झाली आणि नैवेद्य आला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. मी बायकांत बसले होते. माझा घास असा पितळी ताटात, फुलं वाहिलेल्या खडकापुढे ठेवलेला बघून मला हसू यावं की रडू, ते कळेना.

आठल्ये पुढे सरकून यांच्या कानाशी लागले. हे उठले. घसा साफ केला आणि नव्यानेच विद्वान झालेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "मंडळी, एक दुरुस्ती. त्या काळी आपल्या भागात भुईमूग नव्हता. तेव्हा रावजी शेंगाचटणी खात असणं शक्य नाही."

हलगीवाल्याने हलगी खाली ठेवली.

"म्हंजे?" हिंदुराव म्हणाले. "तुमीच लिवलंय की."

"चुकून लिहिलं."

"तुमची चूक झाली आसंल. आमच्या घरातली न्हाय. आमच्या रावजीला शेंगाच लागत हुत्या. घरच्या मानसाला इचारून लिवायचं की हो!"

लोक हसले. आपणच घडवलेल्या माणसाबद्दल यांना काडीचं कळत नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. 'रावजी माझ्या डोक्यातून निघाला' एवढं एक वाक्य बोलले असते, तर यांचं लेखक म्हणून नाव तिथल्या तिथे झालं असतं आणि चौथऱ्याचा पुन्हा खडक झाला असता. यांनी तोंड उघडलंही. पण तेवढ्यात हिंदुरावांची आई, बजाबाई, बायकांतून उठून पुढे गेली.

"पावनं, शेंगा ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "भाकरी बांधून देनारी तरी हुती का न्हाय?"

हे आठल्यांकडे वळले.

"बोला की. का तीबी चुकून लिवली?"

यांनी बायकांकडे बघितलं. माझ्याकडे. मला वाटलं, आता हा माणूस इथेही काहीतरी कारळ घालणार.

"होती," हे म्हणाले.

"नाव काय तिचं? पुस्तकात न्हाय. आमाला पुजंत घ्यायचंय."

"दाक्षायणी."

लग्नात उखाण्यात घेतलेलं माझं नाव यांनी त्यानंतर त्या दिवशीच घेतलं, तेही दुसऱ्याची बायको म्हणून. माझे डोळे भरून आले. शेजारची बाई म्हणाली, "लई हळव्या हाय तुमी."

"आन् शेंगा?" बजाबाईने विचारलं.

"शेंगा बी हुत्या," हे तिच्याच बोलीत म्हणाले आणि खाली बसले.

आठल्ये परतीच्या वाटेवर वैराग सुटेपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, चटणी एक वेळ तळटिपेत निभावून नेऊ, पण रावजीला मारायलाच हवं. त्याशिवाय संच निघणार नाही. यांनी मारला. छान मारला. नदीकाठी, घोडीच्या मानेवर डोकं ठेवून. मी वाचून रडले. ते प्रकरण पुण्याला पाठवायचं तेवढं राहिलं होतं.

चैत्रात बजाबाई वाडीतल्या चार बायका घेऊन एस.टी.ने आमच्या दारात. चौथऱ्यावर रावजीशेजारी त्यांनी एक दगड बसवला होता. हिरवा चुडा घातला होता, कुंकू लावलं होतं. "दाक्षायणीआई," बजाबाई म्हणाली. "तुमचं बी नाव त्येच निघालं की! म्हनून पयली वटी तुमची." मला खण-नारळ दिला, मळवट भरला. हे दुकानातून जेवायला आले ते दारातच थबकले.

बायका गेल्यावर यांनी रावजीच्या मरणाचं प्रकरण काढलं आणि न्हाणीतल्या बंबात घातलं.

"डोकं फिरलंय का?" मी ओरडले. "पुण्याचं काय?"

"हे छापलं तर त्या बाया त्या दगडाचं कुंकू पुसतील," हे म्हणाले.

"दगडाचं!"

"नाव तुझं आहे."

मी खूप बोलले. जन्मभर ज्या वरच्या ओळीसाठी हा माणूस झुरला, ती त्याने दगडाच्या कुंकवासाठी घालवली. मूर्ख म्हणाले, आणखीही बरंच म्हणाले. त्या दिवशी बंबातलं पाणी लवकर तापलं, एवढाच त्या प्रकरणाचा उपयोग झाला. आठल्यांनी पुन्हा पत्राला उत्तर दिलं नाही. रावजी स्वस्त कागदावर, नदीच्या मध्यावर, घोडीवर बसलेला तसाच राहिला.

एकोणऐंशीच्या थंडीत हे दुकानात गादीवरच गेले. हातात लेखणी, शेजारी डबा, अर्धा खाल्लेला. वर्तमानपत्रात बातमी आली: 'चादरीचे जुने व्यापारी निवर्तले.' संक्रांतीला पेठेतल्या बायका माझं घर सोडून पुढे गेल्या. वर्षानुवर्षं माझ्या हातचं खाल्लेल्या बायका. मला वाईट वाटलं, आणि मी दार लावून घेतलं.

चैत्रात कडी वाजली. बजाबाई होती, पार वाकलेली, हातात खण-नारळ. मी मोकळ्या कपाळाने दारात उभी. तिला ठाऊक नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि सगळं समजली.

"आता मला नको हो," मी म्हटलं.

बजाबाई उंबऱ्यावर टेकली. मग कुंकवाचा करंडा उघडला.

"हितं झालं ते लई वंगाळ झालं," ती म्हणाली. "पर तितं आमचा रावजी आजून घोडीवर हाय. तुमच्या मालकानंच लिवलंय तसं. वाका."

मी वाकले. मग आत गेले आणि रावजीच्या नैवेद्यासाठी उखळात शेंगदाणे घातले.