अकरावी स्लाइड

अकरावी स्लाइड आली की लोक हसतात. साधारण बावीस मिनिटं झालेली असतात, मागच्या रांगेतले दोघं-तिघं पेंगायला लागलेले असतात, आणि तेवढ्यात भिंतीवर हा मेसेज येतो: 'सावधान! ज्या खोलीत मोबाइल चार्जिंगला लावता त्या खोलीतली झाडे तीन दिवसांत वाळतात. मोठ्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे. अकरा जणांना पाठवा, झाडे वाचवा.' मी फक्त चष्मा काढते, पुसते, परत घालते. हशा आपोआप होतो.

मी माध्यमांची प्राध्यापक. वीस वर्षं विद्यापीठात 'नवी माध्यमं आणि समाज' शिकवतेय, आणि गेली तीन वर्षं तेच बाहेर जाऊन लोकांनाही सांगतेय. विद्यापीठाला हल्ली तसं केलेलं आवडतं. वर्षाच्या शेवटी एक फॉर्म येतो. त्यात एक रकाना असतो, 'आपण किती लोकांपर्यंत पोहोचलात?' गेल्या वर्षी मी दोन हजार एकशे चाळीस लिहिलं. त्यातले शंभरेक नुसते पंख्याखाली डुलकी काढायला आलेले असणार, पण फॉर्मला त्याचं काय.

माझी मुख्य जागा म्हणजे सार्वजनिक वाचनालयाचा वरचा हॉल. दर महिन्याचा दुसरा गुरुवार, दुपारी चार. ग्रंथपालबाई पडदे ओढतात आणि प्रोजेक्टर वाकडा बसतो म्हणून त्याच्या एका पायाखाली जुना शब्दकोश सरकवतात. शेवटी मी सगळ्यांना एक छापलेलं कार्ड देते. काहीही पुढे पाठवण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा: हे खरं आहे का? हे कुठून आलं? हे पाठवायची गरज आहे का? लोक ते कार्ड पुस्तकात खूण म्हणून घालतात आणि घरी जाऊन पहिल्यासारखंच सगळं पुढे ढकलतात. मला राग येतो, पण पुढच्या महिन्यात मी पुन्हा जाते. घरी तरी कोण वाट बघतंय?

झाडांचा मेसेज माझ्या दादाचा. दादा माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा. चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून चाळीस वर्षं त्याने भिंगं घासली. वडील लवकर गेले, त्यामुळे माझं शिक्षण त्या भिंगांवरच झालं. मला फळा दिसत नाही हे आईच्याही आधी त्याच्या लक्षात आलं होतं. मी पुस्तक नाकाशी धरते हे त्याने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी मला दुकानात नेऊन बसवलं. आजही माझ्या डोळ्यावर त्यानेच केलेला चष्मा आहे. वहिनी दोन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून तो एकटा राहतो, माझ्यापासून बसने चाळीस मिनिटांवर.

वहिनी गेल्यावर त्याचा रोजचा रतीब सुरू झाला. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मेसेज. लिंबाच्या साली कानात घातल्याने काय होतं, कुठल्या बँका उद्यापासून बंद, कुठल्या ग्रहाची सावली आपल्यावर पडणार. एकूण एक खोटं. आणि प्रत्येकाखाली त्याने स्वतः टाइप केलेलं असायचं, 'फोन कर.' सुरुवातीला मी फोन करायचे. मग नुसती खरी माहिती शोधून पाठवायला लागले, पुराव्यासकट. मग त्याचा आवाज बंद करून ठेवला. पण मेसेज मात्र जपून वापरायचे, कारण वर्गात आणि भाषणात असे ताजे नमुने लागतात आणि दादाकडे ते आयते मिळायचे.

झाडांचा मेसेज आला तो गुरुवार होता. हॉलमध्ये पोचले, पाच मिनिटं होती, नवा नमुना हवा होता. मी मेसेजचं चित्र घेतलं, वरचं नाव काढलं, खालच्या बाजूला त्याचं काहीतरी लिहिलेलं होतं तेही कापलं. शेवटी 'फोन कर' दिसलं तेवढं पुरे होतं. मूळ मजकुराचा तो भाग नव्हता. काम दोन मिनिटांत झालं आणि हशा असा झाला की खालच्या वाचकांनी वर येऊन विचारलं, काय चाललंय म्हणून.

त्या दिवशी कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं. मी चष्मा पुसतेय, मागे मेसेज, लोक हसताहेत, आणि शेवटी माझे तीन प्रश्न. आठवड्याभरात तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. ग्रंथपालबाई खूश. "मॅडम, आपण व्हायरल झालो!" मीही खोटं कशाला बोलू, खूशच होते. फॉर्ममधला आकडा फुगणार होता.

दादाचे मेसेज थांबले हे माझ्या लक्षात यायला तीन महिने लागले. तेही मला नवा नमुना हवा होता म्हणून. त्याचं पान उघडलं तर शेवटची तारीख त्या व्हिडिओच्या आठवड्यातली. वरचं सगळं मी जागा करण्यासाठी कधीच पुसून टाकलं होतं. मी फोन लावला. बंद. दुसऱ्या दिवशी बंद. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जो माणूस जगातला प्रत्येक मेसेज पुढे ढकलतो, त्याच्यापर्यंत हा व्हिडिओही कुणीतरी ढकलला असणार. 

रविवारी सकाळी मी त्याच्या दारात उभी राहिले. सात महिन्यांनी.

"कोण?" दार उघडूनही त्याने विचारलं.

"मी, दादा."

"छोटी! ये, ये. सांगून नाही का यायचं?"

तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत होता. रागावलाय, मी मनात म्हटलं. रागवायलाच हवं होतं. खोली नीटनेटकी होती, जरा जास्तच. खुर्च्या भिंतीला टेकवलेल्या, मधे काही नाही. खिडकीतल्या दोन्ही कुंड्यांतली रोपं वाळून काटक्या झाली होती आणि खालच्या फरशीवर मात्र पाणी सांडलेलं होतं.

"झाडं बघितलीस?" तो म्हणाला. "मेसेज खरा निघाला."

आणि तो हसला. मला रडू आलं, पण मी बसमध्ये माफीचं भाषण तयार करून आणलं होतं आणि मी तयार भाषण सहसा सोडत नाही.

"दादा, तो व्हिडिओ…"

"अगं, छान होता की! दुकानातल्या मित्राने पाठवला. म्हणाला, तुझी बहीण बघ, तुझा झाडांचा मेसेज भिंतीवर लावलाय. मी दोनदा ऐकला. केवढे हसत होते लोक."

"मी तुला विचारायला हवं होतं."

"त्यात काय विचारायचं? घरचंच तर आहे." तो उठला आणि ओट्याकडे गेला. "पण तुझे ते तीन प्रश्न पटले बघ मला. पाठच झालेत. खरं आहे का, ते मला कधीच कळत नाही. कुठून आलं, तर त्या मित्राकडून. तिसऱ्याला मात्र गाडी अडली. पाठवायची गरज आहे का? दोन-तीन दिवस विचार केला. तसं बघायला गेलं तर कशाचीच नाही. मग फोन बंद केला आणि ठेवला कपाटात."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. दादाला टोमणे मारता येत नाहीत, ते खातं घरात माझ्याकडे आहे. तो खरंच माझा सल्ला मानत होता. इतक्या वर्षांत माझा सल्ला शब्दशः पाळणारा हा पहिलाच माणूस.

तो चहा गाळत होता. कप ओट्यावर ठेवून त्याने एक बोट कपाच्या आत, काठाशी धरलं आणि गरम चहा बोटाला लागला तेव्हा हात थांबवला. बोट तोंडात घातलं. मग दुसऱ्या कपाला तसंच.

"दादा," मी म्हटलं, "इकडे बघ."

"बघतोय की."

"माझ्याकडे बघ."

"मधोमध डाग आहे गं. डाव्याला गेल्या वर्षीच झालं, आता उजव्यालाही. कडेकडेचं दिसतं. तुझा कान अगदी स्वच्छ दिसतोय." त्याने कप माझ्या दिशेला धरला. "आता मीच चष्मा करायचो, म्हणून सांगतो, भिंगाने सुटणारं नाही हे. डॉक्टरही तेच म्हणाले."

माझा पारा चढला. मला भीती वाटली की आधी रागच येतो, लहानपणापासून.

"आणि हे मला सांगावंसं वाटलं नाही तुला? मी काय परकी आहे? एक फोन करता येत नव्हता?"

"केला होता. तू मीटिंगमध्ये होतीस."

"मग लिहायचं!"

"लिहिलं की," तो म्हणाला. "त्या झाडांच्या मेसेजखाली."

मी कप खाली ठेवला. कपाटातून फोन काढला, चार्जिंगला लावला आणि तो सुरू होईपर्यंत खिडकीशी उभी राहिले. दादा काहीच पुसत नाही, त्याच्याकडे सगळं असतं. मी वर-वर सरकत गेले. सावधान, शास्त्रज्ञ, अकरा जणांना पाठवा. त्याखाली एक ओळ होती.

'छोटे उजवा पण गेला डॉक्टर म्हणाले आता भिंग चालणार नाही फोन कर'

"ती ओळ लिहायला मला अर्धा तास लागला," दादा मागून म्हणाला. "पुढे ढकलायचं सोपं असतं. कुठे दाबायचं ते बोटाला सवयीनं कळतं. आणि रोज नुसतंच 'फोन कर' काय लिहायचं माणसानं? वर काहीतरी लागतं ना."

 त्याने चहाचा घोट घेतला. मग त्याने जे विचारलं ते त्याला गेले तीन महिने विचारायचं होतं हे मला लगेच कळलं, कारण त्याने ते फार सहज असल्यासारखं विचारलं.

"मला भिंतीवरचं काही दिसलं नाही, नुसतं ऐकू आलं. ते लोक खालची ओळ वाचूनही हसले का गं?"

"नाही दादा. ती ओळ नव्हती. मी कापली होती."

"हां." त्याने मान हलवली. "मग बरं. मला वाटलं, एवढं मोठं करून भिंतीवर लावलंय, म्हणजे तू वाचलं असणार."

मी तिथेच खाली फरशीवर बसले, त्या सांडलेल्या पाण्यात, आणि रडले. दादा म्हणाला, "अगं, उठ, ओली होशील." त्याला पाणी सांडलंय हे माहीत होतं तर.

निघताना मी फोन त्याच्या उशाशी ठेवला, आवाज मोठा केला. डॉक्टरांची वेळ घेतली, कुंड्या रिकाम्या केल्या. "मेसेज पाठवत जा," मी म्हटलं. "खरे-खोटे कसलेही."

"बघू. गरज पडली तर," तो म्हणाला.

पुढच्या गुरुवारी हॉलमध्ये दहावीनंतर बारावी स्लाइड आली. पहिल्या रांगेतले एक आजोबा, जे दरवेळी येतात, हात वर करून म्हणाले, "बाई, ते झाडांचं राहिलं. मी नातीला खास त्यासाठी आणलंय." मी म्हटलं, ते आता नाही. "का?" त्यांनी विचारलं. मी तेरावी स्लाइड लावली. कार्डं मी वाटली नाहीत. ग्रंथपालबाईंनी नंतर विचारलं, संपली का, पुन्हा छापायची का. मी म्हटलं, थांबा थोडं.

रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी जागी होऊन फोनकडे बघत बसायचे. काही येत नव्हतं. माझ्या घरात मी अठरा वर्षं एकटी राहतेय, पण ते एवढं शांत आहे हे मला माहीत नव्हतं. जगातला सगळा संपर्क ज्याबद्दल मी पुस्तकं लिहिलीत तो त्या फोनमध्ये होता, आणि मला हवा होता लिंबाच्या सालींबद्दलचा एक मेसेज. पाचव्या दिवशी मी वाट बघणं सोडलं आणि फोन लावला. खूप वेळ वाजला.

"हॅलो. कोण? छोटी?" दादाचा आवाज घाबरलेला होता. "काय झालं गं? काही काम होतं का?"

"नाही."

"मग?"

"काही नाही. काम नाही काहीच."

  दीड-दीड तास न थांबता बोलणारी मी, आणि मला एक वाक्य सुचेना.

"बरं," शेवटी तो म्हणाला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मला हल्ली काही वाचता येत नाही, तर जगात काय चाललंय तेही कळत नाही. आज बाजारात काय नवीन आलंय, ते तरी सांग."

मी त्याला फोनवर ठेवूनच कॉम्प्युटर सुरू केला. अभ्यासासाठी गोळा केलेले असले मेसेज माझ्याकडे हजारोंनी आहेत. सगळ्यात वरचा उघडला आणि वाचायला लागले. सावधान. उद्यापासून तीन दिवस पृथ्वी नेहमीपेक्षा हळू फिरणार आहे. त्यामुळे दिवस मोठे होतील, थकवा येईल, म्हाताऱ्या माणसांनी एकटं राहू नये. "हं," दादा मधे मधे म्हणत होता. "हं." मी थांबले.

"खोटं आहे दादा हे. सगळंच्या सगळं."

"असू दे," तो म्हणाला. "पुढे वाच."