मशीन जायचं ठरलं त्या दुपारी

वहिनींनी नवं वॉशिंग मशीन मागवलं, ते नवऱ्याला न विचारता. विचारलं असतं तर उत्तर ठरलेलं होतं. "असू दे गं, दुरुस्त होईल कधीतरी!" या एका वाक्यावर नवऱ्याने आख्खी गॅलरी भरून टाकली होती. बंद पडलेला फ्रिज, मान मोडलेला टेबलफॅन, जळका मिक्सर, एकाच बाजूने भाजणारा टोस्टर. सख्ख्या आईनेच त्यांना असूदेराव म्हणायला सुरुवात केली आणि पुढे इमारतीने ते नाव उचललं.

वहिनी लोकांना गाडी शिकवायच्या. दिवसभर दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग द्यायचं आणि आपण जीव मुठीत धरून जादाच्या ब्रेकवर पाय ठेवून बसायचं, हे त्यांचं काम. निदान घरात तरी सगळं धड चालावं, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि नेमकं जुनं मशीन ओल्या चादरी पोटात घेऊन थांबलं. आत मोटर घुमायची, पण ड्रम जागचा हलायचा नाही. मेकॅनिकने फोनवरच निकाल दिला, "जुनं झालंय ना? मोटर गेली असणार. नवीनच घ्या." वहिनींना तरी दुसरं काय ऐकायचं होतं!

नवं मशीन दुपारी येणार आणि आणणारी माणसंच जुनं भंगारात घेऊन जाणार, असं ठरलं. असूदेराव सकाळपासून मशीनजवळ स्टूल टाकून बसले होते, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे.

"तोंड पाडून बसू नका," वहिनी म्हणाल्या. "आत सिमेंटचा मोठा ठोकळा असतो म्हणे. तो काढून ठेवू या, म्हणजे जिन्यातून नेताना कुणाची कंबर मोडायची नाही."

दोघांनी वरचं झाकण काढलं. ठोकळा होताच. तो सोडवायला वहिनींनी आत मान घातली आणि त्यांना तळाशी काहीतरी काळं, लोंबतं दिसलं.

"हे काय पडलंय?"

मागचा पत्रा काढल्यावर ते हाताला लागलं. रबरी पट्टा, मधोमध तुटलेला. वहिनींनी मोठं चाक बोटाने ढकललं. ड्रम गरगर फिरला. त्या उकिडव्या बसल्या जागीच एकदम ओरडल्या, "अहो! मोटर घुमतेय म्हणजे ती गेलीच कुठे? क्लच गेलेल्या गाडीसारखं झालंय हे. इंजिन बोंबलतंय आणि चाकांना पत्ताच नाही! फक्त पट्टा तुटलाय!"

"म्हणजे दुरुस्त होईल?" असूदेरावांनी जपून विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना स्वतःलाच पहिल्यांदा पडला होता.

"उठा! ती माणसं यायच्या आत पट्टा आणायचा."

खाली शिकवणीची गाडी उभी होती. वहिनी स्टिअरिंगवर बसल्या, म्हणून असूदेराव आपोआप वहिनींच्या रोजच्या जागेवर आले. पायाखाली जादाचा ब्रेक. वळण आलं की ते डोळे मिटून तो दाबायचे.

"पाय काढा तिथला!"

"अगं, समोर बस आहे!"

"ती उभी आहे!"

टपावर लाल अक्षरात 'शिकाऊ' असल्यामुळे लोक मात्र आपणहून बाजूला होत होते. सुट्या भागांच्या दुकानदाराने तुटका पट्टा सरळ केला, त्यावरचा पुसट आकडा चष्मा वर करून वाचला आणि आतून तसाच नवा आणून दिला. परत निघतात तोच फोन वाजला. "मॅडम, तुमचं मशीन घेऊन निघालोय आम्ही." वहिनींनी फोन नवऱ्याच्या मांडीवर टाकला आणि गिअर बदलला.

घरी सासूबाईंनी बॅटरी धरली. पट्टा मोटरच्या लहान चाकावर बसला, पण मोठ्यावर चढेना. ओढला की फटकन निसटायचा. असूदेराव घामाघूम झाले. वहिनींच्या बोटांना काळं लागलं, तेच कपाळाला लागलं.

"ताकद नको लावू," सासूबाई म्हणाल्या. "सायकलची चेन कशी चढवायचीस?"

वहिनींनी ओढणं सोडलं. मग त्यांनी पट्टा मोठ्या चाकाच्या कडेला एका ठिकाणी अडकवला, अंगठ्याने दाबून धरला आणि चाक हळूच फिरवलं. पट्टा सरकत सरकत आपणहून चढला आणि टप्पकन खाचेत बसला.

"लावा बटण!"

मशीन गुरगुरलं, थांबलं, विचार केल्यासारखं पुन्हा गुरगुरलं आणि ड्रम फिरला! सासूबाईंनी बॅटरीसकट टाळ्या वाजवल्या, तिचा झोत छतभर नाचला. वहिनी जमिनीवर फतकल मारून बसल्या आणि लहान मुलीसारख्या खदखदा हसल्या. आजवर त्यांनी कितीतरी लोकांना गाडी चालवायला शिकवलं, पण बंद पडलेलं काही स्वतःच्या हाताने चालू केलं नव्हतं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात दोन माणसं, मध्ये भलामोठा खोका.

"न्यायचं मशीन कुठलं?"

"हे."

"हे तर चालतंय!"

"तेच तर सांगतेय!"

"मग दोन्ही ठेवू या की," असूदेराव हळूच म्हणाले. "असू दे."

"मुळीच नाही." वहिनींनी तिथूनच दुकानात फोन लावला. न उघडलेला खोका परत चालेल, असं तिकडून कळलं. पण ती माणसं जिन्याकडे बघून उसासे टाकायला लागली. वहिनींनी त्यांना बसवलं, चहा टाकला आणि गॅलरीचं दार उघडलं. "जुन्या मशीनचं भंगार हुकलं ना? हा फ्रिज न्या."

"फ्रिज?" असूदेराव आडवे आले. "अगं, असू..."

"तुम्हीच सांगा. बर्फ खरवडताना सुरी कुणी घुसवली? गॅस गेला. खाली गंजून भोक पडलंय. होईल हा दुरुस्त? होत असेल तर आत्ता बसते मी याच्यापुढे."

थट्टा नव्हती, बायको खरंच बसली असती, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी फ्रिजचं दार उघडलं, आतून वायरची भेंडोळी आणि रिकाम्या बाटल्या बाहेर काढल्या. गंजलेल्या तळावर अंगठा दाबला, तो सरळ आत गेला.

"नाही होणार," ते म्हणाले. "न्या."

आणि गंमत म्हणजे त्यांना वाईट वाटलं नाही. फ्रिज सरकला तसा गॅलरीत उन्हाचा लांबलचक पट्टा पडला. सासूबाईंनी लगेच खुर्ची आणून तिथे ठाण मांडलं.

जिन्यात फ्रिजने असा काही खडखडाट केला की खालच्या मजल्यावरच्या काकू धावत वर आल्या. त्यांनी वहिनींचं काळं कपाळ पाहिलं, फिरणारं मशीन पाहिलं आणि कशाला आलो होतो तेच विसरून गेल्या.

"तुम्ही केलंत हे? अहो, आमच्या ओव्हनचा दिवा लागतो, पण तो तापत नाही. उद्या टाकूनच देणार होतो."

"टाकू नका!" वहिनी उठल्याच. "निदान उघडून तर बघू. नाहीच जमलं तर मी स्वतः टाकायला सांगेन."

त्यांनी पाना उचलला आणि चपला न घालताच जिना उतरायला लागल्या. मागून असूदेराव बॅटरी घेऊन धावले.

"अगं, थांब! आधी प्लग काढ, मग हात लाव!"