नासपतीची नोंद

शब्दकोशाच्या तपासायच्या मुद्रिताच्या शेवटच्या पानावर तिने लाल पेन टेकवलं आणि ते तिथेच राहिलं. नोंद तिची होती, अक्षर न् अक्षर. खाली आद्याक्षरं मात्र नवऱ्याची.

आदिस्लाव्ह भाषेतला नासपतीचा शब्द. ती भाषा कुणी लिहून ठेवलेली नाही. तिच्या लेकी-भाषा पडताळून शब्द जुळवायचा आणि तो तर्काचा आहे म्हणून त्याच्या आधी तारा काढायचा. स्त्रीलिंगी, शेवटी ‘आ’, इथवर वाद नव्हता. पण मूळचा ‘ग्रुशा’ की ‘क्रुशा’? त्या एका अक्षरापायी तिची सहा वर्षं गेली होती.

कोशाचे संपादक तिचे वडीलच. ती पानं घेऊन त्यांच्या खोलीत गेली. ते चष्मा पुसू लागले. जावयाची नोकरी अजून कायम झालेली नाही, त्याच्या नावावर काहीतरी हवं, असं म्हणाले.

“तुझं-त्याचं वेगळं आहे का? घरातच राहिलं ना.”

“त्याला माहीत आहे?”

“त्यानेच विचारलं होतं.”

ती जागेवर परतली. एक स्वल्पविराम सुटला होता, तो घातला आणि पान पुढे पाठवलं.

घरी नवऱ्याने आपणहून चहा टाकला. साखर किती, म्हणून विचारलं. बारा वर्षं ती बिनसाखरेचा पीत आली होती.

कोश निघाल्यावर त्या नोंदीवर नवऱ्याचं व्याख्यान ठेवलं गेलं. ती मागच्या रांगेत बसली. बोलला बरा. शेवटी एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी विचारलं, दक्षिणेकडच्या लेकी-भाषांत ‘क’ का?

“तिथे ‘ग’चा पुढे ‘क’ झाला,” तो म्हणाला.

पहिल्या रांगेत वडिलांनी मान डोलावली. प्राध्यापक लिहून घेऊ लागले.

ती कधी उभी राहिली, तिलाच कळलं नाही.

“झाला नाही,” ती म्हणाली. “दक्षिणेत बाकीच्या शब्दांतला ‘ग’ जसाच्या तसा आहे. हा शब्द बाहेरून आला असावा. काहींना ‘ग’ ऐकू आला, काहींना ‘क’.”

नवरा हातातल्या कागदांकडे बघत राहिला. वडील मागे वळले.

“माझी मुलगी,” ते हसून सगळ्यांना म्हणाले.

अध्यक्षांनी इतिवृत्ताची वही पुढे ओढली आणि नाव विचारलं. तिने ते सांगितलं, आणि त्यांचं लिहून होईपर्यंत उभी राहिली.