टर्बोची पूजा

रहाटणीच्या त्या सोसायटीत इतके इंजिनिअर राहत होते की त्यांनी मनात आणलं असतं तर एक अख्खी मोटार पार्किंगमध्येच जुळवली असती. बी विंगमधला ज्ञानेश सीटबेल्टची बकलं बनवणाऱ्या कंपनीत होता. त्याच्या वरच्या मजल्यावरचा सुजित हेडलाइटच्या काचांमध्ये होता. तळमजल्यावरचे नानासाहेब एका मोठ्या कंपनीच्या पेंट शॉपमधून निवृत्त झाले होते. आणि अरुंधतीचा नवरा गुरुदत्त चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी हेड होता. तिथे मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या बनत. प्रत्येकाने आयुष्यभर गाडीचा वीतभर तुकडा पाहिला होता, आणि तेवढ्यावरून उरलेली गाडी आपल्याला कळते अशी प्रत्येकाची खात्री झाली होती.

अरुंधतीची अशी खात्री फारशा गोष्टींबद्दल नव्हती. ती फिजिक्सची एमएस्सी. मुलगा झाल्यावर नोकरी सुटली, मग घरीच शिकवण्या घेतल्या, आणि त्या शिकवण्यांमधून तिने गाडी घेतली. लहानशी, पांढरी, टर्बो इंजिनची. टर्बो हवा होता म्हणून नव्हे; शोरूममध्ये तेवढी एकच लगेच मिळत होती. आता तिला चाकणच्या एका लॅबमध्ये काम मिळालं होतं. कारखान्यांमधली दाबमापकं बरोबर आकडा दाखवतात की नाही, हे तपासायचं. सोमवारी सकाळी आठला रुजू व्हायचं होतं, आणि अट एकच होती: गाडी स्वतःची हवी, कारण एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात हिंडावं लागणार. इतक्या वर्षांनी हाताशी आलेलं काम त्या चार चाकांवर उभं होतं.

नेमका हाच आठवडा गुरुदत्तने गाडी सुधारायला निवडला.

"अहो, पण ती बिघडलेली नाही," अरुंधती म्हणाली.

"म्हणूनच आत्ता करायचं. बिघडल्यावर कोणीही करतं, अरू. आणि हे तुझ्यासाठीच आहे. चाकण रोडला ओव्हरटेक करायला पॉवर नको?"

त्या रस्त्यावर सकाळच्या वेळी एखाद्याच्या गाडीचा तिसरा गिअर पडला, तर तो ऑफिसात जाऊन चार लोकांना सांगतो. पण गुरुदत्तने मोबाइलवर इतके व्हिडिओ पाहिले होते की आता माघार शक्य नव्हती. कंपनीने बसवलेला फिल्टरचा डबा काढायचा आणि तिथे भुईछत्रीसारखा दिसणारा उघडा फिल्टर लावायचा. डॅशबोर्डवर हवेचा दाब दाखवणारं एक गोल गेज चिकटवायचं. "गाडीला मोकळा श्वास मिळाला पाहिजे," असं तो आठवडाभर ज्याला त्याला सांगत होता. स्वतः दोन जिने चढला की कठड्याला धरून उभा राहत होता, ती गोष्ट वेगळी.

बुधवारी, खंडेनवमीला, कंपनीतली पूजा उरकून तो दुपारीच घरी आला. कपाळावर गंध तसंच होतं. पार्किंगमध्ये वर्तमानपत्र पसरून त्यावर नवा कोरा पान्यांचा संच मांडला. फिल्टरचा डबा खोलून बाजूला ठेवला. आता इंजिनाकडे हवा नेणाऱ्या पाइपाचं तोंड वर आ वासून राहिलं होतं, मूठ आत जाईल एवढं. नवा फिल्टर बसवायचा तेवढा राहिला, आणि गुरुदत्तला आठवलं की आज हत्यारांची पूजा असते, आणि हत्यारं चालवण्याआधी ती झाली पाहिजे. ती आधीच चालवून झाली होती, हे कोणी काढलं नाही.

अरुंधतीने हळद-कुंकू, झेंडूची फुलं आणि अक्षतांची वाटी खाली आणली. तिने उघडा पाइप पाहिला.

"आधी त्याच्या तोंडाला फडकं बांधा."

"पूजेत कोणी तोंड झाकतं का गं?"

"देवाचं नका झाकू. पाइपाचं झाका."

"वहिनी, घाबरता काय," सुजित म्हणाला. "आम्ही आहोत ना सगळे!"

ते सगळे होते, हीच अडचण होती. गुरुदत्तच्या कारखान्यात कामगाराला डोक्यावर जाळीची टोपी घातल्याशिवाय लाइनवर पाऊल टाकता येत नसे. बिजागरीच्या ग्रीसमध्ये एक केस सापडला म्हणून त्याने एकदा अर्धी पाळी थांबवली होती. त्याच माणसाने आता डोळे मिटून हात जोडले. नानासाहेबांनी येतील तेवढे श्लोक म्हटले, आणि लग्नात टाकाव्यात तशा सगळ्यांनी अक्षता टाकल्या. ज्ञानेशने तर लांबून टाकल्या, आणि त्याचाच नेम सगळ्यांत चांगला निघाला.

"आत गेल्या," अरुंधती म्हणाली.

"देवाच्या अक्षता आहेत," गुरुदत्त म्हणाला. "जाऊन जाऊन जातील कुठे?"

कुठे जातील, हे तिला नीट माहीत होतं. टर्बो म्हणजे पातळ पात्यांचा एक चिमुकला पंखा. इंजिनाच्या धुराच्या जोरावर तो फिरतो आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. गाडी रेस केली की तो मिनिटाला लाखभर फेरे घेतो. त्या वेगाला तांदळाचा दाणा हा तांदळाचा दाणा राहत नाही. हे सगळं तिने सांगितलं. तोवर सुजितने मोबाइल आडवा धरून शूटिंग सुरू केलं होतं, आणि गुरुदत्त नव्या फिल्टरचा क्लॅम्प आवळून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला होता.

त्याने गाडी सुरू करून रेस केली. आधी छान शीळ आली. मग पत्र्याच्या डब्यात मोहरी तडतडावी तसा आवाज झाला. मग शीळ परत आली, पण आता ती किरकिरी होती, दाढ दुखणाऱ्या माणसासारखी.

"सेटल होतोय," ज्ञानेश म्हणाला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दसऱ्याला सोनं द्यायला दोघं गाडी घेऊन निगडीला गुरुदत्तच्या मावशीकडे निघाले. चिंचवडच्या पुलाच्या चढावर गाडी दमली. गुरुदत्तने पाय पार तळाला टेकवला. गाडीने निळसर धूर सोडला आणि आपला वेग ठेवला. त्यांना आधी बस मागे टाकून गेली, मग झेंडू भरलेला टेम्पो, मग एका स्कूटरवरचं चार माणसांचं कुटुंब. त्यातलं मधलं पोर मागे वळून त्यांच्याकडे बघत राहिलं.

डॅशबोर्डवरच्या नव्या गेजचा काटा शून्यावर बसला होता.

"गेज फॉल्टी निघालं," गुरुदत्त म्हणाला. "ऑनलाइन मागवलं की हे असं होतं."

"गेज बरोबर आहे. दाब नाहीये, म्हणून ते शून्य दाखवतंय."

"तुझी नोकरी सोमवारपासून आहे ना?" गुरुदत्त म्हणाला. "मग सोमवारपासून सांग."

अरुंधतीने मांडीवरची आपट्याची पानं सारखी केली.

शनिवारी पार्किंगमध्ये मीटिंग बसली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या, ज्ञानेशने मुलाचा पांढरा बोर्ड आणला. या सगळ्यांच्या कंपन्यांत एक पद्धत असते: बिघाड झाला की पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्याला मूळ कारण सापडतं. अरुंधतीला ही पद्धत मनापासून आवडायची. ती चालवणारी माणसं पाहायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती.

"गाडी ओढत नाही. का?" गुरुदत्तने लिहिलं.

"हवेचा दाब होत नाही."

"का?"

"टर्बो नीट फिरत नाहीये."

"का?"

सगळे बोर्डाकडे बघत बसले.

"पेट्रोल," सुजित म्हणाला. "हल्लीच्या पेट्रोलला काही अर्थ राहिलेला नाही, राव."

"मला विचाराल तर गाडी उन्हात उभी असते," नानासाहेब म्हणाले. "रंग तापतो. रंग तापला की पत्रा गरम, पत्रा गरम की सगळंच गरम."

अरुंधती चहाचा ट्रे टेकवत म्हणाली, "पात्यांवर अक्षता आदळल्या. हे तिसऱ्या 'का'चं उत्तर आहे. लिहा."

कपांकडे निघालेले हात थांबले.

"वहिनी," ज्ञानेश आवाज खाली आणून म्हणाला, "पूजा आपल्याला बोर्डावर नाही घेता येत. सेन्सिटिव्ह आहे हो ते."

"मग 'बाह्य कण' लिहा," सुजितने तोड काढली.

'बाह्य कण' लिहिलं गेलं. पुढचा 'का' विचारल्यावर, पाइप उघडा होता म्हणून, असं निघालं. पाइप उघडा का होता? इथे सगळ्यांच्या माना हळूहळू गुरुदत्तकडे वळल्या. गुरुदत्तने डस्टर घेतलं, शेवटच्या दोन ओळी पुसल्या आणि मार्कर नीट उमटत नव्हता म्हणाला. मग बरीच चर्चा होऊन मूळ कारण ठरलं: फिल्टर पुरवणाऱ्याने सोबत पुरेशा सूचना दिल्या नव्हत्या. सगळ्यांना हायसं वाटलं. त्यांच्या चारही कंपन्यांत मूळ कारण नेहमी पुरवठादारापाशीच जाऊन थांबत असे.

रविवारी गुरुदत्त आणि सुजितने मिळून टर्बो बाहेर काढला. दोघांची बोटं सोलली, एक बोल्ट तुटून आतच राहिला, आणि जेवणाच्या टेबलावर तेलाने माखलेला तो गोगलगायीच्या शंखासारखा तुकडा येऊन बसला. आतल्या पंख्याच्या पात्यांच्या कडा उंदराने पापड कुरतडावा तशा झाल्या होत्या. रबरी पाइपाच्या घडीत एक दाणा अडकलेला होता. गुरुदत्तने तो चिमटीत धरला आणि पटकन शर्टाच्या खिशात टाकला.

"खडा," तो म्हणाला.

"कुंकू लावलेला?" अरुंधतीने विचारलं.

त्याने पॉलिश पेपर काढला. त्याचा उपाय सोपा होता. जी पाती कुरतडली गेली त्यांच्याइतकीच उरलेली घासायची, म्हणजे सगळी सारखी. वजन बघायला त्याने स्वयंपाकघरातला काटा टेबलावर आणून ठेवला.

"तो काटा डाळीचा आहे," अरुंधती म्हणाली. "तो ग्रॅम मोजतो. इथे मिलिग्रॅमने फरक पडला तरी पंखा स्वतःला फाडून घेईल."

"हाताला अंदाज असतो गं. एकोणीस वर्षं क्वालिटीत काढलीयेत."

"मला उद्या आठला चाकणला पोचायचंय."

"हो, ते सांगायचंच होतं." त्याने एक पातं घासून उजेडात धरलं. "त्यांना फोन करून टाक. म्हणावं, पंधरा दिवसांनी येते. इतकी वर्षं घरीच तर होतीस, पंधरा दिवसांत काय मोठं होणारे?"

सुजित एकदम संचातले पाने मोजायला लागला.

अरुंधती थोडा वेळ टेबलाशी उभी राहिली. तिला राग आला आहे असं कुणाला वाटलं नसतं. पॉलिश पेपरचा खर्र-खर्र आवाज ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं की ही दुरुस्ती संपण्याची निकड या घरात तिच्याशिवाय कोणालाही नाही. मग तिने बाल्कनीत जाऊन दार लावून घेतलं आणि लॅबच्या प्रमुख विजयश्री मॅडमना फोन केला. गाडी बिघडली आहे, बाहेरच्या कामाला पंधरा दिवस लागतील, तोवर लॅबमध्ये बसवाल का, असं सरळ विचारलं.

"बसवीन," विजयश्री मॅडम म्हणाल्या. "आत गेजचा ढीग पडलाय. पण उद्या आठला तुम्ही मला समोर दिसल्या पाहिजेत. नाहीतर मी दुसऱ्यांना बोलावते, त्या तयारच आहेत. आणि पंधरा दिवसांनी गाडी हवीच हं."

दुसरा फोन तिने वर्कशॉपला लावला, आणि तिसरा गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकला.

सोमवारी सकाळी ट्रकची फळी पार्किंगच्या फरशीवर आदळली तेव्हा अर्धी सोसायटी गॅलरीत आली. टर्बो मिक्सरच्या खोक्यात घालून अरुंधतीने डिकीत ठेवला होता. सोबत फिल्टरचा जुना डबा. साखळीने गाडी वर ओढली जात असताना गुरुदत्त अर्ध्या गालावर साबणाचा फेस घेऊन धावत खाली आला.

"अगं, थांब! वर्कशॉपवाल्यांनी हे बघितलं तर वॉरंटी जाईल!"

"ती बुधवारीच गेली," अरुंधती म्हणाली, आणि पदर सावरून ट्रकच्या केबिनमध्ये चढली.

"पट्टा रंगाला घासू देऊ नका रे!" नानासाहेब फाटकातून ओरडले. आठवड्याभरात पार्किंगमध्ये बोललं गेलेलं हे पहिलं उपयोगाचं वाक्य होतं. ड्रायव्हरने खाली उतरून पट्ट्याखाली गोणपाट घातलं.

मोशीच्या पुढे नेहमीची रांग लागली होती. ट्रक हातभर सरकायचा आणि थांबायचा. अरुंधतीचा फोन वाजला.

"परत आण ती," गुरुदत्त म्हणाला. "दोनच पाती राहिलीयेत घासायची. आज संध्याकाळी बसवतो, ज्ञानेश पण येतोय."

"नको."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

अरुंधतीने प्रश्नाचा प्रामाणिकपणे विचार केला. "बिजागऱ्यांच्या बाबतीत आहे," ती म्हणाली.

मग तो हळूच म्हणाला, "बरं, निदान तिथे सांगताना खडा गेला असं सांग. लाज निघेल गं माझी. अर्धे वर्कशॉपवाले आमच्या कंपनीला ओळखतात."

"अक्षता गेल्या असंच सांगणार आहे. खड्याने गेल्याची दुरुस्ती वेगळी आणि अक्षतांनी गेल्याची वेगळी असेल, तर त्यांनी चुकीची करायला नको. आणि गाडी होती तशी करून द्या म्हणणार आहे. यापुढे किल्ली माझ्याकडे राहील."

तिने फोन पर्समध्ये ठेवला. समोरची रांग अजून हलत नव्हती. ड्रायव्हरने घड्याळाकडे पाहिलं, आरशात मागच्या गाडीकडे पाहिलं, आणि विचारलं, "ताई, वर्कशॉप आठला उघडतं. लॅब त्याच्याही पुढे आहे तुमची. गाडी आधी टाकायची का तुम्हाला आधी सोडायचं?"

"मला आधी," अरुंधती म्हणाली.