काचेचं दार

बाबा बस चालवत. थांबा चुकल्याच्या रागात एका प्रवाशाने त्यांच्या मानेत स्क्रू-ड्रायव्हर खुपसला. ते गेल्यावर मी विधिमंडळाच्या समितीपुढे जाऊन बोलू लागले. मागणी एकच होती: चालकाच्या आसनाला बंद कक्ष, आतून कडी लागणारं दार. यंदा कायदा झाला. सभागृहात बाकं वाजली. घरी आल्यावर आईने एवढंच विचारलं, "आता धाकट्याला कुणी हात लावणार नाही ना?"

धाकटा म्हणजे माझा भाऊ. तोही बसच चालवतो.

काल संध्याकाळी मी मुद्दाम त्याच्या बसची वाट पाहिली. बसला नवं काचेचं दार होतं, पण ते उघडं, सायकलच्या ट्यूबने मागच्या दांड्याला करकचून बांधलेलं.

"या, उद्घाटनाला आलात?" तो म्हणाला.

"दार का बांधलंस?"

"ताई, गाडी चालवताना डोकं खाऊ नकोस. शेवटच्या थांब्यावर बोलू."

तिथे सगळे उतरल्यावर त्याने मला आपल्या जागेवर बसवलं, ट्यूब सोडली, दार लावलं आणि खाली उतरला. बाहेर अंधारून आलं होतं, बसमधले दिवे लागले होते. प्रवासी चढतात त्या बाजूचा आरसा मी काचेतून शोधू लागले. काचेत रिकाम्या बाकांची रांग होती आणि माझा चेहरा.

"मागच्या चाकाशी उभा आहे," तो ओरडला. "दिसतोय?"

"नाही."

"मी म्हणजे धावत येणारं एखादं पोर, असं समज."

मी दार उघडलं. "आतले दिवे बंद केले तर?"

"पाकीटमारांची चंगळ. शिवाय दिवे लावायचे हेही तुझ्याच कायद्यात आहे."

"काच बदलून माग."

"मागितली. डेपोतले साहेब म्हणतात, काच कसली हवी ते कायद्यात नाही. दुरुस्ती आणा. कुठाय तुझी समिती?"

समितीचं काम संपलं होतं. मी पाठवलेल्या पत्रांना आता पोचही येत नव्हती.

"आणि दार उघडं असताना कुणी मारलं तर भरपाई नाही," तो हसत म्हणाला. "म्हणून मी मरतच नाही. परवडत नाही."

मला हसू आलं नाही. त्यालाही पुढे हसता आलं नाही. परतीचे प्रवासी दाराशी जमले होते.

"सांग ताई. लावू दार? तू म्हणशील तसं."

एक बाई मुलाला कडेवर घेऊन चाकाजवळून पुढे येत होती. मी ट्यूब उचलली. दार मागे ढकललं, दांड्याला दोन वेढे दिले आणि गाठ मारली. तो आपल्या जागेवर बसला. मी त्याच्या मागे उभी राहिले आणि चढणाऱ्या प्रत्येकाचे हात पाहत राहिले.