मोह पडत होता तेव्हा

भूमिकानं ठरवूनच टाकलं होतं, आजही कोणी झापलं तर पुन्हा दवाखान्याची पायरी चढायची नाही. नागझिऱ्याच्या जंगलात ती गाईड होती. वाघ कुठल्या वाटेनं गेला ते पर्यटकांना सांगायची, पण तिच्या अंगात काय चाललंय हे सहा वर्षांत तिला कोणी धड सांगितलं नव्हतं. पाळी मन मानेल तेव्हा येई, हनुवटीवर केस फुटले होते. एक डॉक्टर म्हणाला, वजन उतरव. दुसरा म्हणाला, लग्न लावून टाका. तिसऱ्यानं तारखा विचारल्या आणि तिचं उत्तर ऐकून कंपाउंडरकडे बघून हसला. ते हसणं तिच्या जिव्हारी लागलं होतं.

दवाखान्याच्या बाकावर आईशेजारी बसल्या बसल्या पायांवर ऊन आलं नि तिचे डोळे जड झाले. फिनाईलचा वास विरला. तळ्यावर धुकं होतं, धुक्यात चितळं पाणी पीत होती, आणि कोणालाच कसली घाई नव्हती.

“भूमिका, आत ये.”

डॉक्टर मॅडमनी सोनोग्राफीचा, रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, “गेल्या वर्षी पाळी कधी कधी आली?”

तिच्या मनात आलं, खोट्या तारखा सांगाव्यात का? पण तिच्यानं ते झालं नाही.

“तारीख नाही आठवत मले. मोह पडत होता तवा आली. मंग जंगल बंद झालं त्या हप्त्यात. मंग धानाच्या कापणीत.”

त्या कधी हसतात याची ती वाट बघत राहिली. मॅडमनी मात्र पेन उचललं.

“मोहाची फुलं पडतात म्हणजे मार्च-एप्रिल. पावसासाठी जंगल बंद, जुलै. कापणी नोव्हेंबर. वर्षात तीनदाच. छान ध्यानात ठेवलंस गं.”

मग त्यांनी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. याला पीसीओएस म्हणतात, हार्मोन्सचा तोल बिघडतो, पुष्कळ मुलींना असतं. भूमिकाला वाटलं, आपण अजून धुक्यातच आहोत, फक्त ते आता हळूहळू उठतंय.

“लगन झाल्यावर जाईल ना हे?” आईनं, पुष्पाबाईनं, विचारलं.

“लग्न हे औषध नाही, मावशी. आणि यात पोरीचा दोषही नाही. पुरतं जात नाही, पण सांभाळता येतं. मूल हवं असेल तेव्हा त्यावरही उपाय आहेत.” मग भूमिकाकडे वळून त्या म्हणाल्या, “गोळ्या घे. मोह पडायला लागला की परत ये.”

बाहेर निर्मलाबाई सिस्टरनं अभिप्रायाचा फॉर्म दिला. त्यावर प्रश्न होता, समाधान झालं का?

“बिमारी त गेलीच नाही,” पुष्पाबाई कुरकुरली. “कायचं समाधान?”

वाघ दिसला नाही म्हणून गाईडला शिव्या देणारी माणसं भूमिकानं खूप पाहिली होती. तिनं ‘हो’वर खूण केली.

परतीच्या बसमध्ये पुष्पाबाई खिडकीशी बसली. मग शेताच्या बांधावरच्या मोहाच्या झाडाकडे बघून म्हणाली, “औंदा लवकर पडंल वाटते. मी बी येईन तुह्यासंगं.”